डाग इथं, दुखणं तिथं: गिअरबॉक्सचं ऑइल का गळतं?

आमचं गावचं घर कौलारू. चिपळूणपासून थोडं आत. पावसाळ्यात माजघरात पाणी टपकायला लागलं की आजोबा टपकणाऱ्या जागेखाली घमेलं ठेवायचे आणि शिडी मात्र तिथून चार-पाच हात लांब, वरच्या अंगाला लावायचे. फुटकं कौल तिथं असायचं. पाणी आत शिरायचं एकीकडून, वाशावरून ओघळत यायचं आणि वाट संपेल तिथं टपकायचं.

गाडीच्या गिअरबॉक्समधून ऑइल गळतं तेव्हाही असंच होतं, हे कळायला मला आठ महिने आणि तीन ऑइल सील, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्या, लागल्या. माझी छोटी पेट्रोल गाडी कऱ्हाडहून कुंभार्ली घाटानं गावी जाते-येते. एका पावसाळ्यानंतर पार्किंगच्या फरशीवर, पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढा तेलकट डाग दिसायला लागला. गॅरेजमध्ये सांगितलं, ॲक्सलचं, म्हणजे गिअरबॉक्समधून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचं, सील गेलंय. बदललं. तीन महिन्यांत डाग परत. पुन्हा बदललं. तिसऱ्या वेळी खात्रीचं, कंपनीचं सील मागवून बसवलं. तरीही तेच. शेवटी एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडीखाली वाकण्याआधी बॉनेट उघडलं, एअर फिल्टरचा डबा बाजूला केला आणि गिअरबॉक्सच्या डोक्यावरची बोटाच्या पेराएवढी टोपी काढून माझ्या हातावर ठेवली. तिचं भोक तांबड्या मातीनं गच्च बुजलं होतं.

"अहो, ह्याला श्वासच घेता येत नाहीये," ते म्हणाले. "सील बिचारं काय करणार?"

त्या टोपीचं नाव ब्रीदर. गिअरबॉक्समधली हवा आत-बाहेर होते ती तिच्याच भोकातून. गळतीच्या कारणांमध्ये ती सगळ्यात कमी बघितली जाते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

गिअरबॉक्स म्हणजे ॲल्युमिनियमची बंद पेटी. आत निम्म्यापर्यंत ऑइल, वर हवा. गाडी घाट चढून-उतरून आली की दातांच्या घर्षणानं आणि शेजारच्या इंजिनाच्या धगीनं पेटी तापते. आतली हवा ३० अंशांवरून ९० अंशांवर गेली आणि तिला बाहेर पडायला वाट नसली, तर तिचा दाब सुमारे एक पंचमांशानं वाढतो. म्हणजे जवळपास ३ पीएसआय. टायरमध्ये आपण ३०-३२ पीएसआय हवा भरतो, त्यापुढे हे किरकोळ वाटेल. पण गिअरबॉक्सची सील दाब अडवायला बनवलेलीच नसतात. आत उडणारं ऑइल बाहेर येऊ न देणं, एवढंच त्यांचं काम. दाब आला की सीलचा ओठ, म्हणजे दांड्याला टेकणारी त्याची रबरी कड, जास्त आवळला जातो, तापतो, लवकर झिजतो आणि त्याच्याखालून ऑइल पाझरायला लागतं. सगळ्या सीलांमध्ये जे सगळ्यात थकलेलं असेल ते आधी हार मानतं. डाग त्याच्याखाली पडतो आणि दोष त्याच्या माथी जातो.

ब्रीदर बुजला की उलटाही त्रास होतो. तापलेला गिअरबॉक्स एकदम गार पाण्यात गेला, समजा घाट उतरून लगेच रस्त्यावरच्या गुडघाभर पाण्यातून गाडी काढली, तर आतली हवा आकसते आणि पेटी बाहेरून काहीतरी ओढून घ्यायला बघते. ओठाखालून मग पाणी आत येतं. आणि पाणी ब्रीदरच्याही वर चढलं, तर उघड्या, स्वच्छ ब्रीदरमधूनसुद्धा ते आत शिरतं. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये अनेक गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा बुडालेल्या गाडीचा गिअरबॉक्स उघडला की मधाळ रंगाचं ऑइल निघत नाही, दूध जास्त झालेल्या चहासारखं काहीतरी निघतं. पाणी आणि ऑइल घुसळून झालेला तो पांढुरका लगदा असतो. त्यात वंगणाचा गुण उरत नाही, बेअरिंग गंजतात आणि खडबडीत झालेलं बेअरिंग पुढे सील खातं. पुरात किंवा खोल पाण्यात गाडी गेली असेल तर इंजिन ऑइलबरोबर गिअर ऑइलही काढून बघा, एवढं मी आग्रहानं सांगेन. इंजिनाची काळजी सगळे घेतात, ही पेटी विसरली जाते.

थेंबाचा हिशेब

इंजिन ऑइल थोडंफार जळून कमी होतं. गिअर ऑइलला जळायला वाटच नाही. पेटीत भरलं ते पेटीतच फिरतं. त्यामुळे पातळी खाली गेली असेल तर ते कुठून तरी बाहेर पडलंय, किंवा मागच्या वेळी भरतानाच कमी भरलं होतं. तिसरी शक्यता जवळजवळ नाही.

छोट्या मॅन्युअल गाडीत हे ऑइल साधारण दोन लिटरच्या आसपास असतं. एका मिलिलिटरचे वीस ते तीस थेंब धरले, तर मिनिटाला एक थेंब म्हणजे दिवसाला १४४० थेंब, म्हणजे सुमारे ५० ते ७० मिलिलिटर. या वेगानं गळत राहिलं तर दोन-तीन आठवड्यांत लिटरभर ऑइल जातं. अर्ध्यावर आलेल्या गिअरबॉक्समध्ये अनेक छोट्या गाड्यांत पाचवा गिअर आधी कोरडा पडतो, कारण तो पेटीच्या अगदी टोकाला बसवलेला असतो. पाचव्यात गाडी चालवताना बारीक "हूंऽऽ" असा आवाज येऊ लागला आणि चौथ्यात तो गेला, तर ऑइलची पातळी त्याच दिवशी तपासून घ्या. बहुतेक मॅन्युअल गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते, डॅशबोर्डवर दिवाही लागत नाही. बाजूचा भरायचा बोल्ट काढून, गाडी सपाट उभी असताना, ऑइल त्या भोकाच्या काठाला लागलंय का हे बोट घालून बघावं लागतं.

सील कसं काम करतं

गिअरबॉक्सच्या आतून बाहेर फिरणारा शाफ्ट, म्हणजे दांडा, येतो तिथं भोक हवंच. त्या भोकातून शाफ्ट फिरला पाहिजे आणि ऑइल यायला नको, हा जुना पेच आहे. आधी त्यावर चामड्याच्या कड्या वापरत. जर्मनीतल्या फ्रॉयडेनबर्ग या मुळात चामडं कमावणाऱ्या कंपनीनं वाल्टर सिमर या ऑस्ट्रियन अभियंत्याबरोबर १९३० च्या दशकात शाफ्टसाठी तयार सील बाजारात आणलं. पुढे चामड्याची जागा कृत्रिम रबरानं घेतली. आजचं सील त्याच घराण्यातलं आहे: बाहेर धातूची कडी, आत रबराचा पातळ ओठ, आणि ओठाच्या पाठीमागे त्याला शाफ्टवर हलकेच दाबून धरणारी केसासारखी नाजूक गोल स्प्रिंग.

मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती अशी की हा ओठ शाफ्टला कोरडा घासत नाही. त्याच्याखाली ऑइलचाच अतिशय पातळ थर असतो. शिवाय ओठाच्या दोन बाजूंचा उतार सारखा नसतो. ऑइलकडची बाजू उभी, हवेकडची पसरट. या विषम उतारामुळे शाफ्ट फिरताना ओठ बाहेर येऊ पाहणारं ऑइल सतत आत ढकलत राहतो. म्हणजे सील हा नुसता बांध नाही, तो छोटासा पंपही आहे. म्हणूनच सील उलटं बसवलं तर ते इमानेइतबारे ऑइल बाहेर पंप करतं. काही ॲक्सल सीलांच्या अंगावर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो आणि डाव्या-उजव्या बाजूची सील वेगळी असतात. दिसायला सारखी म्हणून अदलाबदल झाली तर नवं कोरं सीलही गळतं.

आता हा ओठ बिघडतो कशानं?

वयानं, हे उघड आहे. साधं नायट्राइल रबर शंभरेक अंशांपर्यंत बरं राहतं, त्यापुढे ते कडक व्हायला लागतं. ढोबळ नियम असा की दर दहा अंश वाढीव तापमानाला रबराचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. कडक झालेला ओठ शाफ्टच्या बारीक थरथरीबरोबर हलू शकत नाही. नखानं दाबून बघितलं तर चांगलं सील मऊ लागतं, गेलेलं सील प्लास्टिकसारखं. गाडी फार चालवल्यानं हे होतं तसंच न चालवल्यानंही होतं. मार्च २०२० नंतर कित्येक गाड्या महिनोन्‌महिने उभ्या होत्या. ओठाचा वरचा, ऑइलच्या पातळीबाहेरचा भाग अशा वेळी कोरडा पडतो आणि गाडी पुन्हा सुरू झाली की पहिल्याच फेऱ्यांत घासला जातो. पुण्यात गाडी झाकून ठेवून वर्षातून एकदा परदेशातून येणाऱ्यांना हा अनुभव असेल.

पण नवं सील काही महिन्यांत गेलं, तर वय हे कारण असूच शकत नाही. मग कौल दुसरीकडे शोधायचं.

जुन्या सीलच्या ओठानं वर्षानुवर्षं एकाच जागी फिरून शाफ्टवर बारीक खाच पाडलेली असते. नवं सील बरोबर त्याच खाचेवर बसलं तर त्याची पकड पहिल्या दिवसापासून सैल. अंगठ्याचं नख शाफ्टवरून आडवं फिरवलं की खाच नखाला अडते. जागा असेल तर सील दीड-दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवून ओठाला कोरी जागा देता येते. नाहीतर शाफ्टवर पातळ स्लीव्ह, म्हणजे धातूची नळी, चढवायची किंवा शाफ्ट बदलायचा.

बेअरिंग झिजलं असेल तर शाफ्ट मध्यावर राहत नाही, डुलतो. त्याच्यामागे ओठ कुठवर धावणार? चाक उचलून शाफ्ट हातानं वर-खाली हलवला आणि तो आतल्या टोकाला बराच खेळ दाखवत असेल, तर सील बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. तुटलेला इंजिन माउंट, म्हणजे इंजिनाला गाडीवर धरून ठेवणारा रबरी आधार, हाही असाच लपलेला गुन्हेगार. माउंटचं रबर फाटलं की क्लच सोडताना इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून पुढे-मागे झुकतात, ॲक्सलचा कोन दरवेळी बदलतो आणि ओठाला एकाच बाजूनं मार बसतो. तुमच्या गाडीत पहिला गिअर टाकून निघताना धक्का किंवा "ठक्" असा आवाज येत असेल आणि वर गळतीही असेल, तर दोन्ही तक्रारी मेकॅनिकला एकत्र सांगा. वेगवेगळ्या सांगितल्या की दोन वेगळी बिलं होतात आणि मूळ कारण तसंच राहतं.

बसवताना झालेली इजा तर फारच सामान्य. ॲक्सलच्या टोकाला दाते असतात. क्लच बदलताना ॲक्सल बाहेर काढावाच लागतो. परत घालताना तो ओठावर टेकला, तर दात्यानं ओठाला केसाएवढा काप जातो. गाडी गॅरेजमधून कोरडी निघते आणि महिन्याभरात ओली होते. क्लचचं काम झाल्यावर लगेच ॲक्सलपाशी गळती सुरू झाली तर योगायोग समजू नका. चांगला कारागीर नव्या सीलच्या ओठाला आधी ऑइल लावतो, ॲक्सल दोन्ही हातांनी तोलून सरळ आत सरकवतो आणि सील हातोडीच्या एका कडेवर ठोकत बसत नाही. ते वाकडं बसलं की गळणारच.

पॅकिंग, बोल्ट आणि गतिरोधक

हलणाऱ्या भागांपेक्षा स्थिर जोडांची कारणं सोपी आहेत, म्हणून पटकन सांगतो. पेटीचे दोन अर्धे जिथं मिळतात तिथं पॅकिंग किंवा सिलिकॉनचा थर असतो. जुना थर नीट न खरवडता वर नवा दिला तर जोड सपाट बसत नाही. बोल्ट कमी आवळले तर गळतं आणि जास्त आवळले तरी गळतं, विशेषतः ऑटोमॅटिकच्या खालच्या पत्र्याच्या चेंबरला. पत्र्याची कड बोल्टापाशी वाकते आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट राहते. ऑइल काढायच्या बोल्टखाली तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा मऊ वॉशर असतो. तो एकदाच दबायला बनवलेला आहे. अगदी किरकोळ किमतीचा हा वॉशर जुनाच लावला, मग थोडं पाझरलं, मग "अजून थोडं आवळू" म्हणून पान्यावर जोर दिला, की ॲल्युमिनियमच्या पेटीतले आटे जातात. तिथून खर्च कुठल्या कुठे जातो.

गाडी खालून आपटली असेल तर पेटीलाच तडा गेलेला असू शकतो. आपल्याकडचे उंच, रंग न लावलेले गतिरोधक आणि खडी वर आलेले रस्ते बघता हे कारण दुर्मीळ म्हणता येणार नाही. ओरखड्याखाली केसासारखी रेष दिसते आणि ती पुसली की दोन मिनिटांत पुन्हा ओली होते.

एकाच जागी तीन गळत्या

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जोडले जातात ती घंटेच्या आकाराची जागा म्हणजे बेल हाउसिंग. तिच्या तळाशी ऑइल दिसलं की फसगत सगळ्यात जास्त होते. तिथं तीन वेगवेगळ्या गोष्टी गळू शकतात. इंजिनाच्या मागच्या सीलमधून इंजिन ऑइल येतं. गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून गिअर ऑइल येतं. आणि ज्या गाड्यांत क्लचचा हायड्रॉलिक सिलिंडर आत बसवलेला असतो तिथं ब्रेक ऑइलही गळतं. तिन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून उतरवण्याआधी थेंब ओळखलेला बरा.

पांढरा कागद घ्या. इंजिन ऑइल बहुधा काळपट असतं. मॅन्युअलचं गिअर ऑइल मधासारखं, घट्टसर आणि त्याला गंधकाचा उग्र, नाकात बसणारा वास असतो. एकदा घेतला की हा वास विसरत नाही. ब्रेक ऑइल पाण्यासारखं पातळ, फिकट आणि रंगाला लागलं तर रंग काढणारं. या पुढच्या सीलची गळती वाढली की क्लच प्लेट ओली होते, चढावर इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही आणि जळका वास येतो. लोक क्लच बदलतात, सील बदलत नाहीत, आणि नवी प्लेट पुन्हा ओली होते. गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर दोन्ही सील त्याच वेळी बदलून घ्या. सील काहीशे रुपयांचं, खरा पैसा उतरवण्या-चढवण्याच्या मजुरीचा.

आणखी दोन फसवे डाग आहेत. डाव्या बाजूला स्वच्छ पाणी टपकत असेल तर ते बहुतेक एसीचं, त्याची काळजी नको. चाकाच्या आतल्या बाजूला काळं, लोण्यासारखं घट्ट ग्रीस गोल उडालेलं दिसलं, तर ॲक्सलवरचा रबरी बूट फाटलाय. गिअरबॉक्सचा त्यात दोष नाही, पण बूट लगेच बदला, नाहीतर धूळ शिरून जॉइंट जाईल.

ऑटोमॅटिक असेल तर

ऑटोमॅटिकचं ऑइल साधारणपणे लाल रंगाचं असतं, जुनं झालं की तपकिरी होतं. सीव्हीटीच्या, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकच्या, ऑइलचा रंग कंपनीगणिक बदलतो. या पेट्यांमध्ये ऑइल नुसतं वंगण नसतं. गिअर बदलणारी ताकदही त्याच्याच दाबातून येते. म्हणून मॅन्युअल गाडी कमी ऑइलवर कण्हत चालते, ऑटोमॅटिक मात्र डी मध्ये टाकल्यावर क्षणभर थांबून धक्क्यानं निघते किंवा घसरते.

इथं गळतीच्या जागा वाढतात, कारण ऑइल गार करायला ते पाइपांतून बाहेर फिरवलं जातं. पाइपाचा रबरी तुकडा आणि धातूची टोपी जिथं दाबून जोडली असते, तिथून ते आधी घाम सुटल्यासारखं पाझरतं. ज्या गाड्यांत हा कूलर रेडिएटरच्या पोटात असतो, तिथं आतली भिंत फुटली तर जमिनीवर एकही थेंब न पडता कूलंट आणि ऑइल एकमेकांत मिसळतात. रेडिएटरच्या टाकीत गुलाबी, मलईसारखा फेस दिसला तर गाडी सुरू करू नका, टो करून न्या. ही गळती सगळ्यात महागात पडते.

भारतात २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल, घराघरांत पोचली. तिचा गिअरबॉक्स मॅन्युअलसारखाच असतो, पण क्लच दाबणारं आणि गिअर बदलणारं हायड्रॉलिक यंत्र वर वेगळं असतं आणि त्याचं ऑइलही वेगळं. ते गळलं की गिअर पडत नाहीत, पण गिअर ऑइलची पातळी मात्र बरोबर भरते. एएमटीवाल्यांनी दोन्ही बघायला सांगावं.

राहिलं जास्त ऑइल भरण्याचं. "थोडं जास्त असलेलं बरं" हा समज इथं घातक आहे. पातळी वर गेली की दाते ऑइल घुसळतात, त्याचा फेस होतो, फेस वर चढून ब्रीदरमधून बाहेर येतो आणि पेटीवरून ओघळत खाली डाग पाडतो. सगळी सील शाबूत, तरी गळती.

उगम कसा शोधायचा

चालत्या गाडीखालून वारा मागे जातो आणि ऑइल सोबत नेतो. म्हणून डाग नेहमी खऱ्या जागेच्या मागे आणि खाली असतो. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची. पण चिखल-तेलाची जुनी खपली असताना ते दिसणारच नाही. आधी गिअरबॉक्स डिग्रीजरनं धुऊन कोरडा करा, संशयाच्या जोडांवर घरातली टाल्कम पावडर भुरभुरवा, वीस-पंचवीस किलोमीटर चालवून आणा आणि लिफ्टवर बॅटरी मारून बघा. पांढऱ्या पावडरीवर पहिली ओली रेघ कुठून निघाली ते स्पष्ट दिसतं. रात्री खाली पुठ्ठा पसरून त्यावर चाकांच्या जागा पेननं मांडून ठेवल्या, तर सकाळी थेंब कुठल्या भागाखाली पडला हेही सांगता येतं.

गळती थांबवणाऱ्या बाटल्या मिळतात. त्यातलं रसायन कडक झालेल्या रबराला फुगवतं, त्यामुळे वयानं गेलेल्या सीलवर काही दिवस गुण दिसतो. कापलेल्या ओठाला, तड्याला, खाच पडलेल्या शाफ्टला त्याचा काही उपयोग नाही. मी ती वापरत नाही.

गॅरेजमध्ये सील बदलायला सांगाल तेव्हा जुनं सील परत मागा. ओठ सगळीकडून कडक आणि तडकलेला असेल तर ते वयानं गेलं. एकाच बाजूला झिजला असेल तर बेअरिंग किंवा माउंट. एका जागी स्वच्छ काप असेल तर ॲक्सल घालताना इजा झाली. आणि ओठ मऊ, सगळीकडून सारखाच रुंद घासलेला असेल, तर मिस्त्रींना ब्रीदर उघडायला सांगा. माझ्याकडे माझी तिन्ही जुनी सील होती. त्या वयस्कर मिस्त्रींनी ती ओळीनं बाकावर मांडली. तिन्हींचे ओठ अगदी सारखे, रुंद पट्ट्यात घासलेले होते.

ब्रीदर त्यांनी रॉकेलमध्ये बुडवून, तार घालून, हवेच्या नळीनं साफ केला. नवं सील घातलं, ऑइल भोकाच्या काठापर्यंत भरलं. पुठ्ठा मी महिनाभर रोज रात्री पसरत होतो. आता दर वर्षी पावसाळा संपून गावचा रस्ता सुकला की बॉनेट उघडून ती टोपी काढतो आणि फुंकून बघतो.